पडद्यावरची पलटण आणि तिचा बँड

श्रोतेहो, आपल्याकडे खेड्यापाड्यांत वरात निघाली की पुढे बँड असतो. लाल नाहीतर निळा डगला, खांद्यावर सोनेरी झुपके, डोक्यावर तुऱ्याची टोपी आणि हातात पितळी वाद्ये. नवरदेवाच्या पुढे चालणारी ही मंडळी शिपायाचा वेष का करतात, असे आपण कधी विचारीत नाही. उत्तर सोपे आहे. हा बाजा मूळचा लग्नाचा नव्हेच, तो पलटणीचा. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या पलटणींबरोबर तो हिंदुस्थानात पसरला. संस्थानिकांनी तो आपल्या दरबारी ठेवला, गोव्याकडचे ख्रिस्ती वादक त्यात नोकरीला राहिले, आणि हळूहळू तो छावणीतून पेठेत आणि पेठेतून लग्नाच्या मांडवापर्यंत आला.

आज मात्र मला वरातीबद्दल बोलावयाचे नाही. हा बाजा जिथे खऱ्या अर्थाने पलटणीचा होता, त्या काळच्या परदेशी लढाया दाखवणारे जे चित्रपट आहेत त्यांत तो कसा वाजतो आणि प्रत्यक्षात कसा वाजत होता, याबद्दल चार गोष्टी सांगतो. शिक्षकबंधूंनी इकडे जरा जास्त लक्ष द्यावे. कारण विद्यार्थी इतिहास आता केवळ पुस्तकातून शिकत नाहीत. पडद्यावरून, दूरचित्रवाणीवरून, हातातल्या फोनवरून तो त्यांच्यापर्यंत येतो. डोळ्यांना जे दिसते त्याबद्दल मुले शंका विचारतात. तलवार अशी होती का, टोपी तशी होती का, म्हणून विचारतात. पण कानावर जे पडते त्याबद्दल कोणी विचारीत नाही. आणि कानावाटे शिरलेला इतिहास फार खोल जाऊन बसतो, बरं का.

आधी हे वाद्य समजून घेऊ. आपली तुतारी घ्या. नुसत्या फुंकेने तिच्यातून ठरावीक स्वरच निघतात, मधले स्वर निघत नाहीत. जुना बिगुलही तसाच. इशारा द्यायला तो पुरतो, गाण्याची चाल त्याच्यावर वाजत नाही. १८१५ च्या सुमारास जर्मन प्रदेशात पितळी वाद्याला खटके म्हणजे व्हॉल्व्ह बसवण्याची युक्ती निघाली. बोटाने खटका दाबला की हवेला नळीचा एक जादा तुकडा मोकळा होतो. नळी लांबली की स्वर उतरतो. असे तीन खटके असले की सगळे कोमल-तीव्र स्वर हाताशी येतात. पुढे बेल्जियमचा अडोल्फ साक्स नावाचा कारागीर पॅरिसला आला आणि त्याने लहानापासून मोठ्यापर्यंत एकाच घडणीच्या वाद्यांचे एक कुटुंबच तयार केले. त्यांना साक्सहॉर्न म्हणतात. २२ एप्रिल १८४५ रोजी पॅरिसच्या शां द मार्स मैदानावर जुन्या धर्तीचा बँड आणि साक्सचा बँड यांचा सामना झाला. त्यात साक्सने बाजी मारली आणि फ्रेंच लष्कराने त्याची वाद्ये घेतली.

या सुधारणेतली खरी गोम वेगळीच आहे. सगळ्या वाद्यांवर बोटांची ठेवण एकच. एक वाद्य शिकलेला माणूस थोड्या सरावाने दुसरे उचलू शकतो. त्यामुळे सुतार, चांभार, घड्याळजी, शेतकऱ्याचा मुलगा असे लोक सहा-आठ महिन्यांत बँडमध्ये उभे राहू लागले. वाद्यसंगीताचा मान आजवर दरबारी आणि धंदेवाईक लोकांकडे होता, तो गावोगाव पोहोचला. युद्ध आले की गावचा बँड तसाच्या तसा उचलून पलटणीत भरती होई. अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध सुरू झाले तेव्हा नेमके हेच घडले.

त्या अमेरिकन बँडांची एक खूण आहे. जुन्या फोटोंत ती दिसते. वाद्याचे पसरट तोंड पुढे नसून खांद्यावरून मागे वळलेले असते. पाहणाऱ्याला हे उलटे वाटते. पण विचार करा, बँड पुढे चालणार आणि पलटण त्याच्या मागे. ज्यांच्यासाठी वाजवायचे ते शिपाई पाठीमागे असताना आवाज पुढच्या रिकाम्या रस्त्यावर का सोडावा? शिवाय या वाद्यांची नळी तोंडाकडे सावकाश रुंद होत जाते. त्यामुळे त्यांचा आवाज आजच्या ट्रम्पेटसारखा कडक, चकाकता नसतो. तो गोल, मऊ आणि काहीसा खर्जातला असतो.

हे नुसते तर्काने सांगत नाही. त्या युद्धाच्या शताब्दीच्या सुमारास, म्हणजे १९६० नंतरच्या दोन-तीन वर्षांत, फ्रेडरिक फेनेल या संगीतनियोजकाने त्या काळची खरी वाद्ये मिळवली, जुन्या पलटणींच्या स्वरलिपीच्या वह्या समोर ठेवल्या आणि त्यांवरून ध्वनिमुद्रिका काढल्या. तेव्हापासून तो आवाज कोणालाही ऐकता येतो. म्हणजे चित्रपटवाल्यांना तो माहीत नव्हता असे म्हणायला, निदान १९६० नंतर तरी, फारशी जागा नाही.

आणखी एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. पलटणीत वाजणारे सगळेच बँड नव्हे. ढोल, बासरी आणि बिगुल हे हुकमाचे वाद्य होते. उठा, जेवा, रांग धरा, पुढे चला, मागे फिरा, हे सगळे त्यांच्यावर चाले. त्यांच्यावाचून पलटण हलत नसे. पितळी बँड ही त्याच्यावरची चैन होती. अमेरिकेच्या उत्तरेकडील सरकारने १८६२ च्या जुलैमध्ये खर्चाला कंटाळून स्वयंसेवक पलटणींचे बँड कायद्याने बंद केले आणि चार-पाच पलटणींच्या ब्रिगेडला १६ वादकांचा एक, एवढीच सूट ठेवली. हुकमाचे ढोल मात्र कोणी बंद केले नाहीत. पडद्यावर या दोहोंची सर्रास खिचडी होते.

आता खरा बँड लढाईत काय करीत होता ते पाहू. नॉर्थ कॅरोलायनाच्या २६ व्या पलटणीचा बँड सेलम या गावाहून आला होता. तिथे मोरेव्हियन पंथाच्या लोकांची वस्ती होती, आणि ईस्टरच्या पहाटे किंवा कोणी वारले तर पितळी वाद्ये वाजवण्याची त्यांची चाल अठराव्या शतकापासूनची. ही देवळातली माणसे दक्षिणेच्या फौजेत गेली. १ जुलै १८६३ रोजी गेटिसबर्गच्या लढाईला तोंड लागले. पलटणीत आठशेहून थोडे अधिक लोक होते, त्यांतले निम्म्याहून जास्त त्या एका दिवशी पडले. बँडवाले वाद्ये बाजूला ठेवून जखमींच्या तंबूत राबत होते. कारण नियमच तसा होता. लढाई सुरू झाली की बँडवाल्याने जखमी उचलायचे, डॉक्टर हातपाय कापीत असेल तेव्हा रुग्णाला धरून ठेवायचे. दुसऱ्या दिवशी त्यांना हुकूम आला की उरलेल्या शिपायांना उभारी यावी म्हणून बाहेर या आणि वाजवा. ते आले आणि वाजवले.

त्या दिवशी आर्थर फ्रीमंटल नावाचा एक इंग्रज अधिकारी दक्षिणेच्या छावणीत पाहुणा म्हणून हजर होता. तोफांचा मारा चालू असताना कुठला तरी बँड वॉल्ट्झ आणि पोल्का वाजवतो आहे, आणि वरून गोळे सूं-सूं करीत जात आहेत, हे त्याला मोठे चमत्कारिक वाटले आणि त्याने ते आपल्या रोजनिशीत टिपून ठेवले. हा २६ व्या पलटणीचाच बँड असावा असे मानतात. वॉल्ट्झ आणि पोल्का म्हणजे नाचाच्या चाली. कूच करण्याचे वीरश्रीचे संगीत नव्हे, श्रोतेहो. घरी, गावात, दिवाणखान्यात ज्या चालींवर पोरेपोरी नाचत, त्या चाली.

त्या बँडच्या हस्तलिखित वह्या आजही आहेत. त्यांचे गाव आता विन्स्टन-सेलम म्हणून ओळखले जाते आणि तिथल्या मोरेव्हियन संगीतसंस्थेने त्या जपल्या आहेत. त्यांत नाचाच्या चाली आहेत, भावगीते आहेत, इटालियन ऑपेरातील गाणी कूचाच्या ठेक्यात बसवलेली आहेत, प्रार्थना आहेत. बँडमधला ज्युलियस लाइनबाख नावाचा वादक रोजनिशी ठेवीत असे. तिच्यावरून या माणसांचे दिवस कसे जात ते आपल्याला कळते.

आता पडद्याकडे वळू. येथे मी एक साधी कसोटी मांडतो. चित्रपटात संगीत दोन जागी असते. एक चित्राबाहेरचे. त्यातल्या माणसांना ते ऐकू येत नाही, ते दिग्दर्शक आपल्याला ऐकवतो. कीर्तनकार आख्यान सांगता सांगता मध्येच अभंग म्हणतो, तसे. तो अभंग आख्यानातल्या राजाने म्हटला असे कोणी समजत नाही. दुसरे चित्रातले. पडद्यावरचा माणूस वाद्य तोंडाला लावतो आणि आपण ते ऐकतो. हे दुसरे संगीत म्हणजे साक्ष आहे. तिथे चित्रपट सांगत असतो की त्या दिवशी त्या ठिकाणी हे वाजले. म्हणून पहिल्याला सगळी मोकळीक द्यावी, पण दुसऱ्याला मात्र साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करावे. माझे तरी असे मत आहे.

१९३९ चा ‘गॉन विथ द विंड’ घ्या. गेटिसबर्गच्या लढाईत पडलेल्यांच्या याद्या अटलांटा शहरात वाटल्या जात आहेत. लोक नावे शोधीत आहेत, बाया कोसळत आहेत. तिथे एक बँड उभा आहे. म्हातारे आणि पोरे. ते ‘डिक्सी’ ही दक्षिणेची आवडती चाल वाजवू लागतात आणि वाजवता वाजवता एका पोराच्या डोळ्यांतून पाणी वाहते. चित्रपट दक्षिणेच्या बाजूने भलताच झुकलेला आहे. गुलामगिरीवर त्याने जो गुलाबी पडदा टाकला आहे तो मला मुळीच मान्य नाही. पण हा छोटा प्रसंग खरा वाटतो. बँड तिथे शौर्य दाखवायला नाही. रडू आवरायला तो वाजतो आहे, आणि ते काही आवरत नाही.

या ‘डिक्सी’ची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. दक्षिणेने जिला आपले राष्ट्रगीतच मानले ती चाल उत्तरेची. ओहायो प्रांतात जन्मलेल्या डॅनियल एमेटने ती १८५९ साली न्यूयॉर्कमध्ये रंगभूमीवर आणली. कसली रंगभूमी? गोऱ्या नटांनी तोंडाला काजळी फासून काळ्या लोकांची नक्कल करायची, तशा तमाशाची. म्हणून अमेरिकेतील कृष्णवर्णीयांना ही चाल कडू लागते, आणि ते साहजिक आहे. १८६१ च्या फेब्रुवारीत दक्षिणेचा अध्यक्ष जेफर्सन डेव्हिस याच्या अधिकारग्रहणाला ती वाजली. मग १८६५ च्या एप्रिलमध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण आला. दुसऱ्या दिवशी, १० एप्रिलला, वॉशिंग्टनमध्ये लोकांची गर्दी लिंकनच्या दारात जमली, बरोबर बँड होता. लिंकनने बँडला काय वाजवायला सांगितले असेल? ‘डिक्सी’. ती आपल्याला फार आवडते आणि आता लढाईत जिंकलेला माल म्हणून ती आपलीच झाली, असे तो थट्टेने म्हणाला. बँडने ती वाजवली, आणि मग उत्तरेची ‘यँकी डूडल’ वाजवली.

१९८९ चा ‘ग्लोरी’ हा चित्रपट याच युद्धातल्या मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणीचा. उत्तरेने उभारलेल्या कृष्णवर्णीय शिपायांच्या पहिल्या पलटणींपैकी ही एक, अधिकारी गोरे. २८ मे १८६३ रोजी ती बोस्टनहून निघाली तेव्हा पॅट्रिक गिल्मोर याचा नामांकित पितळी बँड बरोबर होता आणि त्याने ‘जॉन ब्राउन’ची चाल वाजवली. गुलामांच्या मुक्ततेसाठी बंड करून डिसेंबर १८५९ मध्ये फासावर गेलेला हा ब्राउन. त्याच्या नावाच्या चालीवर हे शिपाई बोस्टनच्या रस्त्यांतून चालले! पुढे १८ जुलैला वॅग्नर किल्ल्यावर त्यांनी हल्ला चढवला. सुमारे सहाशे जण पुढे गेले आणि त्यांतले अडीचशेहून अधिक पडले, जखमी झाले किंवा हरवले. चित्रपटात बोस्टनच्या कूचावर जेम्स हॉर्नर याचे संगीत आहे, ढोल-बासऱ्या आहेत आणि हार्लेममधल्या मुलांच्या गायनवृंदाचे आवाज आहेत. ते सुंदर आहे, आणि बहुतांशी ते चित्राबाहेरचे आहे. मुले गात आहेत हे पलटणीला ऐकू येत नाही. तिथे माझी तक्रार नाही. एवढे मात्र वाटते की गिल्मोरच्या बँडचा तो प्रसंग हाताशी असताना कल्पनेकडे धाव घ्यायची काही गरज नव्हती.

तक्रार नसली तरी परिणाम काय होतो ते सांगतो. १९९० च्या सप्टेंबरमध्ये केन बर्न्स याची या युद्धावरची नऊ भागांची मालिका अमेरिकेत दूरचित्रवाणीवर दाखवली गेली. जुने फोटो, जुनी पत्रे, आणि मधूनमधून व्हायोलिनवर एक उदास चाल. कोट्यवधी लोकांनी ती पाहिली आणि अनेकांची खात्री पटली की शिपाई शेकोटीभोवती हीच चाल वाजवीत असणार. वस्तुतः तिचे नाव ‘अशोकन फेअरवेल’, आणि ती जे उंगर या न्यूयॉर्कच्या वादकाने १९८२ साली रचलेली. उन्हाळी नाच-गाण्याचे शिबिर संपले, माणसे घरोघर गेली, म्हणून त्याला वाईट वाटले; त्यातून ती सुचली. गेटिसबर्गशी तिचा संबंध नाही. बर्न्सने ही गोष्ट लपवली नव्हती, हेही सांगितले पाहिजे. मालिकेत त्या काळच्या खऱ्या चालीही पुष्कळ आहेत. पण लोकांच्या कानात राहिली ती हीच. खऱ्या पितळी बँडच्या पोल्का कोणाला आठवत नाहीत, कारण युद्ध म्हणजे उदास असायला हवे, आणि पोल्का काही उदास नसते.

आता साक्षीदाराच्या पिंजऱ्यातले प्रकरण. १९६४ चा इंग्रजी चित्रपट ‘झुलू’. २२ व २३ जानेवारी १८७९ या दोन दिवसांत दक्षिण आफ्रिकेत रोर्क्स ड्रिफ्ट या ठाण्यावर दीडशेच्या आसपास ब्रिटिश शिपायांनी हजारो झुलू योद्ध्यांना रात्रभर थोपवून धरले, त्याची ही कथा. चित्रपट चांगला आहे. झुलूंना त्यात मान आहे. राजा सेत्शवायोचे काम त्याच्याच वंशातल्या मंगोसुथू बुथेलेझी यांनी केले आहे. चित्रपटाच्या शेवटाकडे झुलू सैन्य गाऊ लागते, आणि त्याला उत्तर म्हणून इंग्रजी पलटण ‘मेन ऑफ हारलेक’ हे वेल्स प्रांताचे गीत गाते. अंगावर काटा येतो. एका विद्यार्थ्याने मला विचारले, “सर, दोन फौजा समोरासमोर गात होत्या हे पुस्तकात का दिलेलं नाही?”

पुस्तकात नाही कारण तसे घडले नाही. त्या पलटणीचे त्या वेळचे नाव २४ वी, सेकंड वॉरिकशायर. वॉरिकशायर इंग्लंडात आहे, वेल्समध्ये नव्हे. १८७३ पासून तिचे भरतीचे ठाणे वेल्समधल्या ब्रेकन गावी होते खरे, पण ठाणे लढवणाऱ्यांत वेल्सचे लोक थोडेच होते. तिला ‘साउथ वेल्स बॉर्डरर्स’ हे नाव मिळाले ते १८८१ साली, लढाईनंतर दोन वर्षांनी, आणि ‘हारलेक’ ही तिची चाल झाली तीही त्यानंतर. १८७९ मध्ये तिची कूचाची चाल वॉरिकशायरचीच होती. चित्रपटात गायलेले शब्द तर चित्रपटासाठी मुद्दाम लिहिलेले. निर्माता आणि प्रमुख नट स्टॅन्ली बेकर स्वतः वेल्सचा. त्याने आपल्या प्रांताला मान दिला. भावना समजते. पण माणसांच्या तोंडी घातलेले गाणे म्हणजे माणसांच्या तोंडी घातलेले वाक्यच होय. कोर्टात असे चालते का?

आणि त्या पलटणीचा खरा बँड? त्याची गोष्ट रोर्क्स ड्रिफ्टपासून थोड्याच मैलांवर, त्याच दिवशी दुपारी संपली होती. इसांडल्वाना नावाच्या डोंगराच्या पायथ्याशी ब्रिटिश छावणी पडली होती. झुलूंनी ती घेरली आणि बुडवली. ब्रिटिशांच्या बाजूचे तेराशेहून अधिक लोक मारले गेले, त्यांत त्यांच्याकडून लढणारे आफ्रिकी शिपाईही शेकड्यांनी होते. २४ व्या पलटणीच्या पहिल्या तुकडीचा बँड त्या छावणीत होता. नियमाप्रमाणे बँडवाले वाद्ये ठेवून जखमी उचलायला आणि काडतुसे पोहोचवायला गेले. जवळजवळ सगळे तिथेच पडले. वादक गेले, बँडमधली पोरे गेली. या लढाईवर १९७९ साली ‘झुलू डॉन’ हा चित्रपट निघाला. तरीही सामान्य प्रेक्षकाला ‘२४ वी पलटण आणि संगीत’ म्हटले की आठवते ते न गायलेले ‘हारलेक’. त्या स्ट्रेचरवाल्यांची आठवण कोणाला येत नाही.

शेवटी एका चालीची गोष्ट सांगतो, कारण तिच्यात हा सगळा प्रकार एकत्र आला आहे. चालीचे नाव ‘गॅरीओवेन’. आयर्लंडमधल्या लिमरिक शहराच्या एका पेठेचे हे नाव. तिथल्या उडाणटप्पू तरुणांचे दारू पिऊन दंगा करण्याचे गाणे. चाल मोठी ठसकेबाज, घोड्याच्या दुडकीला नेमकी बसणारी. प्रत्यक्ष बीथोवेननेही तिच्यावर वाद्यसाज चढवला आहे. ब्रिटिश फौजेत आयरिश लोक पुष्कळ, त्यांच्याबरोबर ती पलटणीत शिरली आणि आयरिश शिपायांबरोबरच अमेरिकेत गेली. तिथे जनरल कस्टर याच्या सातव्या घोडदळ पलटणीने तिला आपली केले.

२७ नोव्हेंबर १८६८ ची पहाट. आजच्या ओक्लाहोमातली वॉशिटा नदी. बर्फ पडलेले. ब्लॅक केटल नावाच्या शायेन नायकाचे गाव झोपेत आहे. हा नायक शांततेची खटपट करणारा होता. चार वर्षांपूर्वी सँड क्रीकच्या कत्तलीतून तो जेमतेम वाचला होता. कस्टरने गाव घेरले आणि हल्ल्याच्या क्षणी बँडला ‘गॅरीओवेन’ वाजवायला सांगितले. थंडी इतकी की चार-दोन ओळी होतात तोच वाद्यांत फुंकेची वाफ आणि थुंकी गोठली आणि बँड बंद पडला. पुढचे काम बंदुकांनी केले. ब्लॅक केटल आणि त्याची बायको मारली गेली. मेलेल्यांत बायका आणि मुले होती.

१९४१ साली राउल वॉल्शने ‘दे डाइड विथ देअर बूट्स ऑन’ हा चित्रपट काढला. कस्टरचे काम एरल फ्लिन या देखण्या नटाने केले, संगीत ‘गॉन विथ द विंड’वाल्या माक्स स्टायनरचे. त्यात एक इंग्रज अधिकारी पियानोवर ‘गॅरीओवेन’ वाजवतो, कस्टरला ती आवडते, आणि बघता बघता त्या चालीवर एक बेशिस्त पलटण शिस्तीची होते. अमेरिका महायुद्धाच्या उंबरठ्यावर होती. चित्रपट प्रकाशित झाल्यावर काही दिवसांतच पर्ल हार्बर झाले. अशा वेळी लोकांना असाच कस्टर हवा होता. वॉशिटाच्या बर्फाचा त्यात मागमूस नाही.

पुढे १९७० साली आर्थर पेनचा ‘लिट्ल बिग मॅन’ आला. व्हिएतनाममधले मी लाय गाव अमेरिकन सैनिकांनी कापून काढल्याची बातमी आदल्याच वर्षी फुटली होती. या चित्रपटात वॉशिटाचा हल्ला आहे, बर्फ आहे, पळणाऱ्या बायकापोरे आहेत, आणि त्यावर वाजते तीच ‘गॅरीओवेन’, तशीच आनंदी. तीच चाल. एकोणतीस वर्षांपूर्वी जी ऐकून प्रेक्षकांची छाती फुगत होती, ती ऐकून आता पोटात कालवते. स्वर एकही बदललेला नाही. शिक्षकबंधूंना शक्य असेल तर हे दोन प्रसंग मुलांना लागोपाठ ऐकवावे, आधी चित्र झाकून आणि मग दाखवून. तासभर व्याख्यान देऊन जे होत नाही ते दहा मिनिटांत होते, हा माझा अनुभव आहे.

कस्टरच्या शेवटच्या मोहिमेत बँडचे काय झाले, हे मात्र या दोन्ही चित्रपटांवरून समजत नाही. त्या वेळचा बँडमास्तर फेलिक्स व्हिनातिएरी. जन्म इटलीतल्या तुरीन शहरचा. मे १८७६ मध्ये फोर्ट लिंकनहून पलटण निघाली तेव्हा त्याचा बँड घोड्यांवर बसून वाजवीत होता. बँडचे घोडे पांढुरके असत. जूनच्या मध्यास पावडर नदीच्या मुखापाशी सामानाचा तळ पडला. पुढे झपाट्याने जायचे होते आणि काही शिपायांना घोडे कमी पडत होते. कस्टरने बँडचे घोडे काढून शिपायांना दिले आणि बँडला तळावर ठेवले. कूचाच्या दिवशी बँडवाले जवळच्या टेकाडावर उभे राहिले आणि पलटण नदी ओलांडून दिसेनाशी होईपर्यंत त्यांनी ‘गॅरीओवेन’ वाजवली. २५ जूनला लिट्ल बिगहॉर्न नदीकाठी सू आणि शायेन योद्ध्यांनी कस्टरला गाठले. तो आणि त्याच्याबरोबरच्या पाच तुकड्यांतला एकही माणूस वाचला नाही. तिथे कुठलाही बँड वाजला नाही.

व्हिनातिएरी पुढे पंधरा वर्षे जगला. डाकोटातल्या यँक्टन गावी राहिला आणि लिहीत राहिला: वॉल्ट्झ, पोल्का, कूचाच्या चाली, एक विनोदी ऑपेरासुद्धा. १८९१ मध्ये तो वारला. त्याच्या हातच्या स्वरलिपीचे कागद साउथ डाकोटातल्या व्हर्मिलियन येथील वाद्यसंग्रहालयात आहेत आणि बँडवाले अधूनमधून ते उतरवून घेऊन वाजवतात.